हनुवटीपर्यंत पाणी

इंग्रजीत ‘टँटलाइझ’ नावाचे एक क्रियापद आहे. हॉटेलच्या मेनूकार्डावर ते भेटते, अत्तरांच्या आणि मोटारींच्या जाहिरातींत भेटते, आणि क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात तर भेटल्यावाचून राहत नाही. फिरकी गोलंदाजाने चेंडूला उंची दिली, फलंदाज मोहात पडून पुढे सरसावला, चेंडू आवाक्यात आला असे वाटता वाटता बॅटला चकवून गेला, की समालोचकाच्या तोंडी हा शब्द आलाच म्हणून समजा. हवीशी वस्तू डोळ्यांपुढे धरायची, जवळ आणायची आणि समोरच्याचा हात पुढे झाला की मागे घ्यायची, एवढा सगळा व्यवहार या एका क्रियापदात मावतो. आज त्याचा वापर बहुतेक वेळा लाडिक असतो. गरमागरम पदार्थाचा वास तुम्हाला ‘टँटलाइझ’ करतो, म्हणजे भूक चाळवतो, इतकेच. त्यात कुणाचे काही बिघडत नाही. पण हा शब्द जन्मला तो नरकात, एका माणसाच्या कधीही न संपणाऱ्या शिक्षेतून. कादंबऱ्या लिहिण्याच्या खटाटोपात मला शब्दांची कुळी शोधण्याची खोड लागली. या शब्दाची कुळी शोधायला गेलो, तेव्हा त्याने मला बराच लांबचा प्रवास घडवला.

त्या माणसाचे नाव टँटलस. होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या राज्यापर्यंत जातो आणि तिथे काही जणांना शिक्षा भोगताना पाहतो. शिळा डोंगरावर ढकलत नेणारा आणि ती पुन:पुन्हा खाली गडगडताना पाहणारा सिसिफस आपल्या लोकांना बराच ठाऊक आहे. त्याच्या आधी ओडिसियसला दिसतो तो टँटलस. म्हातारा माणूस तळ्यात उभा आहे. पाणी हनुवटीपर्यंत आले आहे. तहानेने जीव कासावीस झाला आहे. पण प्यायला म्हणून तो वाकला रे वाकला की सगळे पाणी जमिनीत जिरते आणि पायांखाली काळी कोरडी माती उघडी पडते. डोक्यावर झाडे लवलेली आहेत. नाशपाती, डाळिंबे, सफरचंदे, अंजिरे, ऑलिव्ह, अशी फळांची यादीच होमर देतो. म्हाताऱ्याने हात वर केला की वारा त्या फांद्या ढगांकडे भिरकावून देतो.

या वर्णनातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या. एक, टँटलसने केले काय, हे होमर सांगतच नाही. गुन्हा नाही, खटला नाही, आहे ती फक्त शिक्षा. आणि दुसरी, पाणी आटवतो कोण? होमर म्हणतो, कुणी एक देव. त्याला नाव नाही. इतक्या फळांची नावे सांगणारा कवी पाणी आटवणाऱ्याचे नाव मात्र सांगत नाही.

गुन्हा पुढच्यांनी भरून काढला, आणि तोही एक नव्हे. टँटलस हा झ्यूसचा मुलगा आणि सिपिलस पर्वताच्या परिसरातला राजा. हा पर्वत आजच्या तुर्कस्तानात, मनिसा शहराला लागून आहे. देवांच्या पंगतीला बसण्याचा मान या मर्त्य राजाला होता. एक कथा सांगते की त्याने देवांचे अन्न आणि पेय चोरून माणसांना वाटले. दुसरी सांगते की पंगतीत ऐकलेली गुपिते त्याने बाहेर फोडली. तिसरी अंगावर काटा आणणारी आहे. देव खरोखर सर्वज्ञ आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने आपला मुलगा पेलॉप्स याला कापून, शिजवून त्यांना वाढले. बाकीच्या देवांनी ओळखले आणि हात आखडला. मुलगी हरवल्याच्या दु:खात बुडालेल्या डिमीटर देवीने मात्र भान नसताना खांद्याचा तुकडा खाल्ला. पुढे देवांनी मुलाला जिवंत केले आणि खांद्याच्या जागी हस्तिदंत बसवले.

मराठी वाचकाला इथे चिलया बाळ आठवल्याशिवाय राहणार नाही. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’तली श्रियाळ-चांगुणेची कथा आपल्या कित्येक घरांत डोळ्यांना पदर लावून ऐकली गेली. तिथेही मूल कापले जाते, शिजवले जाते आणि शेवटी जिवंत होऊन परत येते. फरक आहे तो परीक्षा कोण कुणाची घेतो याचा. आपल्याकडे देव अतिथी होऊन येतो आणि भक्ताची परीक्षा घेतो. ग्रीकांकडे राजा देवांची परीक्षा घ्यायला निघाला, आणि हनुवटीपर्यंतच्या पाण्यात कायमचा उभा राहिला. पिंडार नावाच्या कवीला मात्र ही कथा मुळीच पटली नाही. इसवी सनापूर्वी ४७६ साली सिराक्यूजच्या हिएरॉनचा घोडा ऑलिंपियात जिंकला, तेव्हा त्या विजयाचे स्तोत्र रचताना त्याने ती साफ नाकारली. देव नरमांस खातात असे मी म्हणणार नाही, असा त्याचा पवित्रा होता. शिवाय पिंडारच्या टँटलसला पाण्याची शिक्षाच नाही. त्याच्या डोक्यावर एक प्रचंड शिळा लोंबते आहे, आणि ती आता पडेल की मग, या भीतीने त्याला कशाचाच आनंद घेता येत नाही.

म्हणजे टँटलसच्या दोन शिक्षा परंपरेत होत्या: एक आशेची आणि एक भीतीची. इंग्रजीने पाणी आणि फळे उचलली, शिळा सोडून दिली. शिळेतून क्रियापद निघाले असते, तर त्याचा अर्थ ‘धास्तीत ठेवणे’ असा झाला असता. गंमत अशी की, भीतीची अशीच एक ग्रीक गोष्ट आपण मराठीत केव्हाच घेतली आहे. ‘डोक्यावर टांगती तलवार’ आपण अगदी घरच्यासारखी वापरतो. ती सिराक्यूजच्याच राजवाड्यात डॅमोक्लीसच्या डोक्यावर घोड्याच्या केसाने टांगलेली होती. तलवार आली, तळे आले नाही.

नावाच्या व्युत्पत्तीत तर आपले नातेच निघते. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस टँटलसच्या नावाचे दोन अर्थ लावतो. एक, ‘अतिशय दु:खी’. आणि दुसरा, डोक्यावरच्या शिळेच्या ‘झुलण्या’वरून. आजच्या भाषाशास्त्रज्ञांपैकी काही जण या नावाचा संबंध एका फार जुन्या धातूशी जोडतात. त्या धातूचा अर्थ ‘उचलणे, वाहणे, सोसणे, तोलणे’. आकाश खांद्यावर पेलणारा अ‍ॅटलस त्याच घराण्यातला. ग्रीकांचे ‘टॅलंटॉन’, म्हणजे तराजू आणि तराजूतले वजन, हेही त्यातलेच. संस्कृत ‘तुला’ त्याच धातूपासून, आणि आपले तोलणे, तोळा हे तिचे गोत. टँटलसच्या नावाबद्दल सगळ्यांचे एकमत नाही. ते नाव ग्रीकांच्याही आधीच्या एखाद्या भाषेतले असावे, असे म्हणणारेही आहेत. पण तुला आणि टॅलंटॉन या सख्ख्या बहिणी आहेत, याबद्दल वाद नाही.

हे टॅलंटॉन म्हणजेच पुढचे ‘टॅलंट’. अथेन्सचे एक टॅलंट सुमारे सव्वीस किलोंचे, आणि तेवढ्या वजनाची चांदी म्हणजे सहा हजार ड्राक्मा. टँटलसची श्रीमंती ग्रीकांत इतकी प्रसिद्ध होती की, ‘टँटलसचे टॅलंट’ हा अफाट संपत्तीसाठी वाक्प्रचारच झाला होता. पुढे बायबलातल्या एका दृष्टान्तावरून टॅलंटचा अर्थ अंगची गुणवत्ता असा झाला. धनी परगावी जाताना नोकरांना टॅलंट सोपवून जातो. एक नोकर भीतीने ते जमिनीत पुरून ठेवतो, आणि परतलेला धनी त्याच्यावर रागावतो – निदान सावकारांकडे तरी ठेवायचे होतेस, मला व्याज मिळाले असते! बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा दृष्टान्त का आवडतो, ते वेगळे सांगायला नको. रोमन कवी होरेसने तर टँटलसला थेट पैशाच्या गोष्टीत आणले. पैशांच्या थैल्यांवर झोपणारा आणि त्यांतली एक कवडीही खर्चू न शकणारा चिक्कू माणूस म्हणजे टँटलसच, असे तो म्हणतो. तिथे पाणी आटवणारा देवही लागत नाही. माणूस ते काम स्वत:च करतो.

इंग्रजीत ‘टँटलाइझ’ हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळले. जर्मन ‘टँटलसच्या यातना’ म्हणतात, फ्रेंच ‘टँटलसची शिक्षा’ म्हणतात. दोन्ही नामे आहेत, आणि दोन्हींत सोसणारा डोळ्यांपुढे राहतो. इंग्रजांनी क्रियापद केले आणि व्याकरणाने एक चमत्कार घडवला. क्रियापद आले की कर्ता आला. टँटलाइझ करणारा कोण? टँटलस नव्हे; त्याला टँटलाइझ केले गेले. माणसांच्या नावांवरून झालेली क्रियापदे बहुधा करणाऱ्याच्या नावाची असतात. लुई पाश्चरने दुधावर जी प्रक्रिया शिकवली ती पाश्चराइझ, डॉक्टर मेस्मरने रोग्यांना जी भूल घातली ती मेस्मराइझ. सोसणाऱ्याच्या नावाची क्रियापदे थोडी. त्यांतले एक आपल्या स्वातंत्र्यलढ्यात आपण भरपूर वापरले: बॉयकॉट. १८८० साली आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर कुळांनी बहिष्कार टाकला आणि त्या बिचाऱ्याचे नाव त्याच्यावर झालेल्या कृतीला चिकटले. टँटलसचे तसेच झाले. जो तहानेला राहिला त्याचे नाव शब्दात उरले. ज्याने पाणी आटवले तो होमरमध्येही निनावी, शब्दातही निनावी.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात या नावाची एक वस्तू बाजारात आली. मला ती फार बोलकी वाटते. लाकडी चौकट, तिच्यात काचेच्या दोन-तीन नक्षीदार सुरया, सुरयांत ब्रँडी, व्हिस्की असे काही, आणि त्यांच्या बुचांवरून आडवी जाणारी एक दांडी. दांडीला कुलूप. दारू सगळ्यांना दिसते, किल्ली मात्र यजमानाच्या खिशात. लंडनच्या बेटजेमन मंडळींनी १८८१ साली या चौकटीचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडचे राजकवी झालेले जॉन बेटजेमन याच घराण्यातले. या वस्तूला नाव पडले ‘टँटलस’. आता ही कुलूपबंद सुरई कुणाला तरसवण्यासाठी होती? पाहुण्यांना नव्हे, त्यांच्यासाठी किल्ली फिरत असे. ती होती घरातल्या नोकरांसाठी. रोज त्या काचा पुसायच्या, त्यांतला सोनेरी रंग पाहायचा आणि फडके झटकून निघून जायचे. दारू कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावता आले असते. पण मग दिवाणखान्याची शोभा कशी वाढणार? चोर ठरवले तेही शोभेच्या वस्तूतून, आणि त्या वस्तूला कौतुकाने नाव दिले नरकातल्या कैद्याचे. शब्द नरकातून मेनूकार्डाकडे निघाला तो वाटेत या टेबलावर थांबला होता, असे मला वाटते.

त्याआधी तो प्रयोगशाळेतही जाऊन आला. १८०२ साली स्वीडनमध्ये आंदर्स एकेबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला एक नवा धातू सापडला. त्याचे ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवले तरी आम्ल त्याला लागत नव्हते. सगळीकडून द्रव, आणि हा एक थेंब घेत नाही! एकेबर्गने नाव ठेवले टँटलम. या धातूबरोबरच खनिजांत सापडणारा त्याचा जुळा भाऊ पुढे वेगळा ओळखू आला, तेव्हा हाइनरिख रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला टँटलसच्या मुलीचे, नायोबीचे नाव दिले: नायोबियम. मुलांच्या शोकाने दगड झालेली ही नायोबी. सिपिलस पर्वतावरचा एक पाझरणारा कातळ आजही तिचाच म्हणून दाखवतात. टँटलमचे बारीक कपॅसिटर मोबाइल फोनसारख्या यंत्रांत वापरतात. मध्य आफ्रिकेतल्या कांगोमध्ये त्याच्या खनिजाच्या खाणींवरून सशस्त्र टोळ्यांनी रक्त सांडले आहे. म्हणजे हा म्हातारा आपल्या खिशातही असू शकतो.

एकेबर्गच्या नामकरणाचा विचार करताना मला हसू येते. आम्लात राहून आम्लाचा थेंब न घेणारा पदार्थ एखाद्या मराठी कीर्तनकाराला दाखवला असता, तर त्याने काय नाव ठेवले असते? त्याला तहानेला टँटलस दिसलाच नसता. पाण्यात राहून कोरडे राहणारे कमळाचे पान दिसले असते, संसारात राहून अलिप्त असलेला स्थितप्रज्ञ दिसला असता. वस्तू एकच. एकाला ती शापित वाटते, दुसऱ्याला मुक्त.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. याचा धडधडीत पुरावा पितळेत ओतलेला आहे. पाश्चात्त्य पदार्थविज्ञानाच्या जुन्या पुस्तकांत ‘टँटलसचा प्याला’ म्हणून एक प्रयोग असे. प्याल्यात माणसाची आकृती, तिच्या आत वाकडी नळी लपवलेली. पाणी ओतत जावे, ते आकृतीच्या हनुवटीपर्यंत चढावे, आता ओठांना लागणार एवढ्यात नळी भरून वाहू लागते आणि सगळे पाणी खालून निघून जाते. वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा साधा नियम. आपल्याकडे हाच प्याला वासुदेवाचा आहे. वासुदेव बाळकृष्णाला डोईवर घेऊन यमुनेत उभा. पाणी ओतावे, ते चढत चढत बाळाच्या पायाला लागावे, आणि लागताच यमुना ओसरावी. तीच नळी, तोच नियम, पाणी निघून जाण्याची क्षणभराची तीच गंमत. तिकडे पाणी शिक्षा म्हणून पळते. इकडे पायाचा स्पर्श झाला, मनोरथ पुरले, म्हणून उतरते. मुलांना दोन्ही प्याले सारखेच आवडतील. मोठ्यांनी मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

इथवर आल्यावर छाती फुगवून ‘बघा, आमची संस्कृती किती तृप्त’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो, आणि त्याचे कारण आपली भाषाच आहे. हाव, हव्यास, लोभ, लालसा, तृष्णा, आसक्ती, वखवख, आशाळभूतपणा... मराठीत इच्छा करणाऱ्याला नावे ठेवायला शब्दांची उणीव नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली आणि आजही घराघरांत वाचली जाते. तिचा नायक सगळे मिळूनही अतृप्त राहणारा राजा आहे. आपल्या डोक्यात तहानेची गोष्ट म्हटली की ती अशी येते: दोष तहानेचा, म्हणजे तहानेल्याचा. हरिण मृगजळामागे धावले तर वेडे कोण, हरिणच. त्रिशंकू मध्येच लोंबकळला तर चूक त्याच्याच हट्टाची. समुद्रमंथनानंतर मोहिनीने असुरांना अमृताचा कुंभ दाखवून झुलवले, प्रवरेकाठच्या नेवाशाला तिचे मंदिर आहे. पण त्या कथेत आपण सगळे देवांच्या पंगतीला बसून टाळ्या वाजवत असतो. समोरच्या पंगतीत पान मांडून बसलेल्यांना काय वाटले असेल, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. ‘तृष्णा सोड’ हा उपदेश फार मोठा आहे, आणि तो स्वत:ला करायचा असतो. पाण्याचा हंडा ज्याच्या हातात आहे त्याने तो तहानेल्याला केला की त्याची चव बदलते.

तरी लोकांच्या बोलीने आपली सोय केलेली आहेच. जीव टांगणीला लावणे. हुलकावणी देणे. आशेला लावणे. तोंडाला पाने पुसणे. हातातोंडाशी आलेला घास हिरावणे – यात तर टँटलसच्या फळांचीच झाडे आहेत. आणि सगळ्यांत नेमका शब्द ‘झुलवणे’. प्लेटोने टँटलसच्या नावात जे झुलणे ऐकले, ते आपल्या या क्रियापदात आपोआप आले आहे. ‘त्याने मला वर्षभर झुलवले’ म्हटले की कर्ता लपत नाही. तो वाक्याच्या सुरुवातीलाच उभा असतो. इंग्रजी शब्द जाहिरातीत जाऊन गोड झाला. झुलवणे अजून गोड झालेले नाही, हे मला त्याचे बलस्थान वाटते.

झुलवणारा दरवेळी दुष्टच असतो असे नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी बँकेत नवा होतो, एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ अधिकारी. आमचे शाखाधिकारी स्वभावाने अतिशय गोड माणूस. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या जिवावर येई. एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागले होते आणि त्याला पंपासाठी कर्ज हवे होते. सात-बारा झाला, बोजा नसल्याचा दाखला झाला, दोन जामीन झाले. दर खेपेला साहेब त्याला चहा पाजत आणि म्हणत, ‘होईल, पुढच्या सोमवारी या.’ प्रस्ताव त्यांच्या मर्यादेत बसत नव्हता हे मला कागदांवरून दिसत होते, त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होते. मंजुरीचा किंवा नकाराचा शब्द मात्र फक्त त्यांचा. पाचव्या की सहाव्या सोमवारी त्या माणसाने चहाचा कप तसाच ठेवला आणि हात जोडून म्हणाला, ‘सायेब, एकदा न्हाई म्हना. म्हंजी मी मोकळा हुतो. हिरीत पानी दिसतंय आन् वर ऊस वाळतोय.’ साहेब दिलखुलास हसले. ‘अहो, नाही कशाला म्हणू? बघू की, पुढच्या सोमवारी या.’

त्या माणसाला नकार हवा होता, हे मला तेव्हा विलक्षण वाटले. आज वाटत नाही. मुदत ठेवीची पावती घेऊन जाणारी माणसेही वाटच पाहत असतात – तीन वर्षे, पाच वर्षे. पण पावतीवर तारीख छापलेली असते. त्या दिवशी पैसे मिळतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते, म्हणून पावती कपाटात ठेवून ती सुखाने झोपतात. टँटलसच्या तळ्याला तारीख नाही.

अमेरिकेत लहान मुलांवर झालेला एक प्रयोग बऱ्याच पालकांच्या कानावर आहे. मुलापुढे मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई ठेवायची आणि सांगायचे, आत्ता खाल्लीस तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अशा प्रयोगांना सुरुवात केली. जी मुले थांबतात ती पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असा त्याचा डांगोरा बराच पिटला गेला. २०१८ साली मोठ्या संख्येने मुले घेऊन झालेल्या अभ्यासात मात्र घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर तो संबंध पुष्कळ फिका पडला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. तिथे मिठाई देण्याआधी मुलांना चांगले रंगखडू आणून देतो असे सांगितले गेले. निम्म्या मुलांना ते खरेच मिळाले. निम्म्यांना थोड्या वेळाने ‘माफ कर, नाहीत’ असे ऐकावे लागले. मग मिठाईची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटांच्या आसपास थांबली. ज्यांना फसवले गेले होते ती तीनच मिनिटे. ही दुसरी मुले अधीर म्हणायची की शहाणी? संयम शिकवणाऱ्या आपल्यासारख्या आजी-आजोबांनी नातवंडांना ‘उद्या आणू हं’ म्हणण्यापूर्वी हे आकडे जरा आठवावेत.

मोठ्या माणसांचे रंगखडू मोठे असतात. नळयोजना, घर, भरपाई, पेन्शन. आणि टँटलसचे तळे शोधायला तुर्कस्तानपर्यंत जायलाच हवे असे नाही. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहावी लागली आहे. डोंगरउतारावर हंडे-कळश्यांची रांग, आणि खाली ऊन्हात चमकणारा जलाशय. तृष्णेवरचे कुठलेही प्रवचन त्या रांगेपुढे करून दाखवावे. योजना जाहीर होतात, निवडणुका येतात, सर्वेक्षणाचे खांब रोवले जातात, आणि पुन्हा चैत्र-वैशाख येतो. हे पाणी कोण आटवतो, असे विचारले तर या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवले जाते. धरणाच्या भिंतीपासून मोठमोठे नळ त्याच तालुक्याच्या जमिनीवरून शहराकडे निघतात. तानसाचे पाणी मुंबईला १८९२ पासून पोचते आहे.